कानांचे कवच : कर्णनाद आणि श्रवणरक्षणाचा इतिहास

निसर्गाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना मात्र दिल्या नाहीत. नको ते दृश्य समोर आले तर आपण डोळे मिटून घेतो. नको तो आवाज आला तर हात वर करून कानांत बोटे घालावी लागतात, आणि हात कामात गुंतलेले असतील तर तीही सोय उरत नाही. झोपेतही कान उघडेच असतात. या उघडेपणाची नोंद आपल्या भाषेने चांगली ठेवली आहे. फटाक्याने कानठळ्या बसतात, ताशाशेजारी तासभर उभे राहिले की कानांना दडे बसतात, आणि ऐकूनही न ऐकल्यासारखे करणाऱ्याने कानांत बोळे घातले आहेत असे आपण म्हणतो. यांतील ‘दडे बसणे’ हे कानाला झालेल्या तात्पुरत्या इजेचे अचूक वर्णन होय. अशी इजा वारंवार होत राहिली की ती तात्पुरती राहत नाही, आणि मग पुष्कळांच्या वाट्याला एक न बोलावलेला सोबती येतो : बाहेर कोणताही आवाज नसताना कानात चालू राहणारी शीळ, गुणगुण किंवा भणभण. आधुनिक वैद्यक तिला टिनिटस म्हणते; आपल्या वैद्यांनी तिला कर्णनाद असे नाव दिले आहे.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या विषयाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. बंगळूर हे विसाव्या शतकात यंत्रांच्या आवाजाबरोबर वाढलेले शहर आहे, आणि त्या यंत्रांपाशी उभे राहून संसार उभे करणाऱ्यांत आपल्या समाजातील माणसेही होती. आज मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणाऱ्या काही ज्येष्ठांना एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते. आणि मागच्या रांगेत बसलेली त्यांची नातवंडे कार्यक्रम संपताच कानांत इअरफोन खोचून बाहेर पडतात. आजोबांच्या कानांचे जे झाले ते नातवंडांच्या कानांचे होऊ नये, आणि आजोबांच्या कानांत जो नाद घर करून बसला आहे तो थोडा सुसह्य व्हावा, या दोन हेतूंनी हा इतिहास येथे मांडीत आहे.

कर्णनाद ही काही यंत्रयुगाची निर्मिती नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णशूल आणि बाधिर्य यांच्याबरोबरच कर्णनादाचीही गणना आहे, आणि वेणूसारखा सूर ऐकू येण्याच्या विकाराला कर्णक्ष्वेड असे वेगळे नावही आहे. पुढे माधवकरांच्या निदानग्रंथात कर्णनादाच्या रोग्याला भेरी, मृदंग आणि शंख यांच्यासारखे ध्वनी ऐकू येतात असे वर्णन आले. आजही डॉक्टर रोग्याला विचारतात की आवाज शिटीसारखा आहे, घंटेसारखा आहे, की पंख्यासारखा. हा प्रश्न आपल्या वैद्यांनी शतकानुशतके आधी विचारला होता. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलच्या परंपरेतील एका प्रश्नसंग्रहात तर त्याहून मार्मिक पृच्छा आढळते : बाहेर आवाज केला असता कानातील गुणगुण थांबते ती का? मोठा ध्वनी लहान ध्वनीला हुसकावून लावतो म्हणून काय? या एका प्रश्नात पुढील दोन हजार वर्षांच्या उपचाराचे बीज होते. परंतु ते रुजायला फार काळ लागला, कारण मधल्या काळात माणसाने स्वतःच्या कानांवर आवाजाचा अभूतपूर्व भडिमार करून घेतला.

या भडिमाराची पहिली शास्त्रीय नोंद तांबटांची आहे. इ. स. १७०० मध्ये बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. व्हेनिस शहरात तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची एक स्वतंत्र वस्ती होती. दिवसभर हातोडीचे घाव ऐकून ते लोक प्रथम कमी ऐकू लागतात आणि म्हातारपणी पुरते बहिरे होतात, असे त्याने नमूद केले. हे वाचताना पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी कोणाला आठवणार नाही? पेशवाईत कोकणातून आलेल्या या कारागिरांनी घडवलेले हंडे, घंगाळी आणि बंब महाराष्ट्राच्या घरोघरी पोचले. त्या आळीतील ठोक्यांची आपल्याला इतकी सवय झाली की ‘टुक् टुक्’ करणाऱ्या एका पक्ष्यालाही आपण तांबट हेच नाव देऊन टाकले. मात्र ते ठोके जन्मभर अगदी जवळून ऐकणाऱ्याच्या कानांचे काय होत असेल, हा विचार आपल्याकडे क्वचितच कोणी केला.

ग्लासगोचे कर्णवैद्य थॉमस बार यांनी १८८६ मध्ये तो विचार मोजमापाने केला. जहाजांचे बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान त्यांनी तपासले. त्यांत एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट धरणाऱ्याची अवस्था सर्वांत वाईट असे. हाच काळ आपल्याकडे कापडगिरण्यांच्या भरभराटीचा. मुंबईत कावसजी दावर यांच्या गिरणीची मुहूर्तमेढ १८५४ साली रोवली गेली. बंगळुरात १८८४ साली वूलन, कॉटन अँड सिल्क मिल्स उभ्या राहिल्या. मुंबईचा गिरणी कामगार ज्याला साचेखाते म्हणे, त्या मागांच्या खात्यात आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या आसपास असे. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणे जर सुरक्षिततेची सीमा मानली, तर ८८ डेसिबलमध्ये ती चार तासांवर येते, आणि शंभर डेसिबलमध्ये अवघ्या पंधरा मिनिटांवर. साचेखात्यातील माणूस ही पंधरा मिनिटे पाळीच्या आरंभीच संपवून उरलेले सारे तास कर्ज काढून काम करीत असे. आणि ते कर्ज त्याच्या म्हातारपणाच्या नावावर चढत असे.

हे कर्ज कोठे चढते? अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक वळसेदार नलिका असते. तीत जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी असतात. ध्वनिलहरींनी त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि त्या हालचालीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात होते. अतिमोठ्या आवाजाने या पेशी प्रथम थकतात. तेच दडे बसणे. पुढे त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्याकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपल्या बाजूने ग्रहणशक्ती वाढवतो. दूरचे केंद्र नीट लागत नसले की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि केवळ खरखर ऐकू येते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. कर्णनादाची सर्वमान्य उपपत्ती आजही पूर्ण झालेली नाही, परंतु त्याचे मूळ कानातील हानीत आणि त्याचे घर मेंदूत, एवढे आता सामान्यतः मान्य झाले आहे.

आता बंगळूरकडे वळू. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती येथे होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर या कारखान्यात स्वदेशी विमानांचा आराखडा करणारे प्रमुख अभियंता डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांचे एच. टी. २ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. १७ जून १९६१ रोजी जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या आराखड्याचे ‘मारुत’ हे जेट लढाऊ विमान आकाशात गेले, आणि सप्टेंबर १९६४ मध्ये घाटगे यांचे ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान. या तीन विमानांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु या यादीकडे कानाच्या दृष्टीने पाहिले तर दहा-बारा वर्षांत शहर पंख्याच्या इंजिनाकडून जेटकडे गेले असे दिसते. जेट इंजिनाच्या अगदी जवळ आवाज १२० ते १४० डेसिबलपर्यंत जातो. वैमानिकाचे कान निदान शिरस्त्राणात असतात. जमिनीवर इंजिन तपासणारा मेकॅनिक मात्र त्या ध्वनीच्या तोंडीच उभा असतो.

या प्रश्नाची शास्त्रीय दखल घेणारी संस्थाही याच शहरात निघाली. १९५७ साली वायुसेनेने बंगळुरात विमानवैद्यकाचे विद्यालय सुरू केले. आज ते इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन म्हणून ओळखले जाते. उंची, वेग आणि गुरुत्वाचा ताण यांच्याबरोबरच विमानातील आवाज हाही विमानवैद्यकाचा विषय आहे. शेजारच्या म्हैसूरला १९६५ मध्ये स्थापन झालेली आणि पुढल्या वर्षी ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग हे नाव धारण केलेली संस्था तर वाचा व श्रवण या क्षेत्रातील देशातील अग्रगण्य संस्थांपैकी एक होय. १९८३ साली मुंबईत अली यावर जंग संस्था सुरू झाली. बंगळुरात राहणाऱ्या माणसाला श्रवणाच्या तज्ज्ञांसाठी दूर जावे लागत नाही. अडचण असते ती आपण जातच नाही ही. चष्मा लावण्यात आपल्याला संकोच वाटत नाही, कानाचे यंत्र लावण्यात मात्र वाटतो.

कान झाकण्याची साधनेही या सुमारास सुधारत होती. कापसाचा बोळा हा सर्वांत जुना उपाय, परंतु कोरडा कापूस आवाज फारच थोडा अडवतो. बर्लिनचे औषधविक्रेते माक्स नेगवेर यांनी १९०७-०८ मध्ये मेण आणि कापूस यांच्या मिश्रणाचे बोळे बनवले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांनी ते वापरले. अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास बिनतारी यंत्रासाठी बनवलेले हेडफोन तेथील नौदलाने घेतले. म्हणजे कान बंद करणारे साधन आणि कानात आवाज ओतणारे साधन यांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी झाला, आणि विमानात ती दोन्ही एकत्र आली. वैमानिकाला इंजिन ऐकायचे नव्हते, पण संदेश ऐकायचा होता. पुढे १९७० च्या सुमारास दाबून कानात घालताच फुगून बसणारे फोमचे बोळे निघाले. ते स्वस्त आणि गुणकारी आहेत. मात्र बोटांनी वळून, कान वर-मागे ओढून नीट आत घालावे लागतात. नुसते तोंडाशी टेकवून ठेवले तर त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. अतितीव्र आवाजात बोळे आणि त्यांवर इअरमफ अशी दोन्ही साधने वापरतात. पण दोघांच्या क्षमतेची सरळ बेरीज होत नाही, कारण काही ध्वनी कवटीच्या हाडांतूनच आत जातो.

आवाजानेच आवाज नष्ट करण्याची युक्ती जर्मन संशोधक पाउल लुएग यांची. त्यांना १९३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. ध्वनिलहरीच्या बरोबर उलटी लहर तिच्यावर सोडली की दोन्ही शमतात. ही कल्पना कानापर्यंत पोचवण्यात अमर बोस यांचा मोठा वाटा. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत हेडफोनवरील संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच याचे गणित मांडले. विमानचालकांसाठीचे उत्पादन बाजारात यायला १९८९ उजाडले. असे हेडफोन सलग, खालच्या पट्टीची घरघर उत्तम शमवतात. एकाएकी होणारा स्फोट, कर्कश हॉर्न किंवा हातोडीचा घाव यांपुढे त्यांची ही युक्ती फारशी चालत नाही. म्हणून प्रवासात ते उपकारक. कारखान्यात वा ढोलापाशी त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे.

येथवरचा इतिहास दार बंद करण्याचा झाला. कर्णनादाच्या रोग्याला मात्र या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कानाला त्रास होतो म्हटल्यावर तो शांतता शोधू लागतो, दिवसभर बोळे घालून बसतो, आणि त्रास वाढतो. याचे कारण वर आले आहे : बाहेरचा ध्वनी जितका कमी, तितका मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवतो. आतला नाद त्यामुळे ठळक होतो आणि भांड्याचा साधा आवाजही पुढे सहन होईनासा होतो. फ्रेंच वैद्य इटार यांनी १८२१ मध्येच उलटा मार्ग सुचवला होता. कानात घरघर असेल तर रोग्याने धगधगत्या शेकोटीजवळ बसावे, शीळ असेल तर शेकोटीत ओली लाकडे घालावीत, आणि घंटानाद असेल तर छिद्र पाडलेल्या भांड्यातून तांब्याच्या पात्रात पाण्याची धार पडत ठेवावी. महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही योजना परकी वाटू नये. दीडशे वर्षांनी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात जॅक व्हर्नन या शास्त्रज्ञाबरोबर फिरताना कर्णनादाने गांजलेला एक डॉक्टर एका कारंज्यापाशी थबकला; पाण्याच्या आवाजात त्याला आपला नाद ऐकू येईना. त्यातून १९७० च्या दशकात कानात मंद ध्वनी सोडणारे छोटे यंत्र निर्माण झाले. १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ यांनी पुढचे पाऊल टाकले : नाद पूर्ण झाकू नये, त्याच्या थोडा खालीच बाहेरचा ध्वनी ठेवावा, म्हणजे मेंदू हळूहळू त्या नादाला बिनमहत्त्वाचा समजून मागे टाकतो.

याचा प्रत्यय मी स्वतः घेत आहे. गेली काही वर्षे माझ्या दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा एक बारीक सूर आहे. कचेरीत फायलींची उलथापालथ चालू असताना तो आठवतही नाही. रात्री दिवा मालवला की तो जणू माझीच वाट पाहत असतो. तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून मी आता उशाशी पावसाचा मंद आवाज लावून झोपतो. सूर गेलेला नाही, पण आमच्यातील वैर बरेच कमी झाले आहे.

यावरून काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात. मोठ्या आवाजात कान अवश्य झाकावेत. तो संपला की उघडावेत. शांत खोलीत बोळे घालू नयेत, आणि आवाज शमवणारे हेडफोनही मुके ठेवून तासन्‌तास लावू नयेत. हेडफोनवर मंद पाऊस वा झऱ्याचा ध्वनी ऐकणे चांगले, परंतु कर्णनाद बुडवण्यासाठी आवाज चढवीत जाणे म्हणजे आग विझवायला तेल ओतणे होय. हाडांतून ध्वनी पोचवणारे हेडफोन कानाच्या पडद्याला वळसा घालतात. केशपेशींना वळसा घालता येत नाही. श्रवणशक्ती कमी झाली असेल तर कानाचे यंत्रच पुष्कळांचा नाद मंद करते, कारण ते बाहेरचे जग पुन्हा आत आणते. एकाच कानात नाद असेल, तो नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले असेल, तर मात्र घरगुती उपाय न करता त्वरित डॉक्टरांकडे जावे. एकाएकी आलेल्या बहिरेपणात एक-एक दिवस मोलाचा असतो.

कायद्यानेही कानाची दखल घेतली, पण उशिरा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. आता बंगळुरातील गिरण्यांचे भोंगे थांबले, २००८ मध्ये जुन्या विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूकही देवनहळ्ळीला गेली. पण आपली पुढची पिढी ज्या यंत्रापाशी बसते ते कानातच बसलेले आहे. १९७९ मध्ये वॉकमन आला तेव्हापासून आवाज खासगी झाला. शेजाऱ्याला त्रास नाही म्हणून त्याला कोणी हटकत नाही. रस्त्यावरील रहदारीच्या वर ऐकू यावे म्हणून तो आणखी चढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. हेडसेट लावून दिवसभर बैठका करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ती माहीत करून घ्यावी.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना. आपल्या गणेशोत्सवात ढोल-ताशा हवाच. त्याशिवाय परक्या गावात उत्सव घरचा वाटत नाही. परंतु वादकांना बोळे द्यावेत. सूर न बिघडवता सर्व पट्ट्यांतील आवाज सारखाच कमी करणारे बोळे १९८८ पासून मिळतात. ज्येष्ठांच्या आणि लहान मुलांच्या खुर्च्या ध्वनिवर्धकापासून दूर मांडाव्यात, आणि वर्षातून एकदा सभागृहात श्रवणतपासणीचे शिबिर भरवावे. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले ते दूरदेशी आपली भाषा आपल्या कानांवर पडावी म्हणून. ती पुढेही पडत राहावी, आणि नातवंडांनी म्हटलेली आरती आजीआजोबांना पहिल्याच वेळी नीट ऐकू यावी, एवढीच अपेक्षा.